नेपाळचे राज्यकर्ते आणि १९५१ सालचं एक वचन

उत्तरवाट

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूचा सिंहदरबार, म्हणजे नेपाळ सरकारचं मुख्य कार्यालय, जळताना सगळ्यांनीच पाहिला. तेव्हापासून नेपाळचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "राजा होता तेच बरं होतं, लोकशाही काही त्यांना झेपली नाही." मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडावं म्हणून हा धागा काढतोय. लांबण लागेल, पण त्याला इलाज नाही.

नेपाळवर अडीचशे वर्षं राजांनी राज्य केलं, हीच मुळात अर्धवट समजूत आहे. गादीवर कोण बसलाय आणि हुकूम कोणाचा चालतो, या दोन गोष्टी तिथे फार थोडा काळ एका ठिकाणी होत्या.

पृथ्वीनारायण शाह हा गोरखा नावाच्या डोंगरी संस्थानाचा राजा. त्याने १७६८ साली ऐन इंद्रजात्रेत काठमांडू घेतलं. (या जात्रेचा मुख्य दिवस म्हणजे आपली अनंत चतुर्दशी.) मल्ल राजा जयप्रकाश पळून गेला. त्याच्यासाठी मांडलेल्या आसनावर पृथ्वीनारायण बसला आणि कुमारीच्या (जिला तिथे जिवंत देवी मानतात तिच्या) हातचा टिळा त्यानेच लावून घेतला, असं तिथली परंपरा सांगते. पुढे शाह राजांनी ती रीत पाळली आणि २००८ नंतर राष्ट्रपती पाळू लागले.

पृथ्वीनारायण १७७५ मध्ये गेला. नंतरचा इतिहास बघा. रणबहादुर १७७७ मध्ये राजा झाला तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. त्याचा मुलगा गीर्वाणयुद्ध १७९९ मध्ये तितकाच लहान. त्याचा मुलगा राजेंद्र १८१६ मध्ये तीन वर्षांचा. लागोपाठ तीन राजे दुधपिते! कारभार कधी राजमातांच्या हातात, कधी काकाच्या, आणि १८०६ पासून तीस वर्षं भीमसेन थापाच्या हातात. इंग्रजांशी युद्ध आणि सुगौलीचा तह त्याच्याच काळातला. शेवटी तोही दरबारी डावपेचात सापडला, कैद झाला आणि १८३९ मध्ये कोठडीतच त्याने जीव दिला.

मग सप्टेंबर १८४६ ची ती रात्र, जिला नेपाळी लोक कोतपर्व म्हणतात. धाकट्या राणीच्या, राज्यलक्ष्मीच्या, मर्जीतला गगनसिंह भंडारी मारला गेला. खुनी शोधण्यासाठी राणीने रातोरात सगळ्या सरदारांना हनुमानढोक्याजवळच्या कोतात, म्हणजे शस्त्रागाराच्या वाड्यात बोलावलं. बरेच जण घाईत आणि बेसावध आले. जंगबहादुर मात्र भाऊ आणि फौज घेऊन आला होता. बाचाबाची झाली, तलवारी निघाल्या आणि पहाटेपर्यंत जुन्या मातब्बर घराण्यांतले कर्ते पुरुष कापले गेले. जंगबहादुर पंतप्रधान झाला. ज्या राणीने त्याला वर काढलं तीही थोड्याच दिवसांत बनारसला हद्दपार झाली, तिच्यामागे राजा राजेंद्र गेला, आणि १८४७ मध्ये जंगबहादुराने राजेंद्राच्या जागी त्याच्या मुलाला, सुरेंद्रला बसवलं. तिथून १०४ वर्षं जंगबहादुराच्या घराण्याची, म्हणजे राणांची.

या काळात राजा 'श्री ५' आणि राणा पंतप्रधान 'श्री ३'. कागदावर लालमोहर राजाची, मजकूर राणाचा. राणांमध्ये पद बापाकडून मुलाकडे न जाता वयाच्या क्रमाने भावाकडे जायचं, आणि इथेच त्यांच्या घरातल्या रक्तपाताचं मूळ आहे. पुतण्यांची पाळी यायला सगळे काका संपावे लागत. १८८५ मध्ये शमशेर बंधूंनी आपल्या काकाला, रणोद्दीप सिंहाला, त्याच्याच वाड्यात गोळ्या घातल्या. १९०१ मध्ये देवशमशेर आला. त्याने 'गोरखापत्र' हे वर्तमानपत्र सुरू केलं, शाळा काढायला घेतल्या. ११४ दिवसांत भावांनीच त्याला उचलून काठमांडूबाहेर काढलं. 'गोरखापत्र' आजही निघतं. देवशमशेरला हटवणारा चंद्रशमशेर १९२९ पर्यंत टिकला. सती बंद केली (१९२०), गुलामांची मुक्तता केली, आणि ज्या सिंहदरबारावरून हा विषय निघाला तोही त्यानेच स्वतःसाठी बांधला.

राणांना शेवटी राणांनीच पोखरलं. कुटुंबात आईच्या दर्जावरून ए, बी, सी असे वर्ग पाडले होते. १९३४ मध्ये जुद्धशमशेरने सी वर्गाला वारसक्रमातून काढून टाकलं. पैसा होता, शिक्षण होतं, पण आशा संपली. त्यांच्यातलेच सुवर्णशमशेर आणि महावीरशमशेर पुढे कलकत्त्यातून राणाविरोधी चळवळीला पैसा पुरवू लागले. दुसरीकडे १९४१ मध्ये जुद्धशमशेरनेच चार तरुणांना मारलं होतं: शुक्रराज शास्त्री, धर्मभक्त माथेमा, दशरथ चंद, गंगालाल श्रेष्ठ. यातला धर्मभक्त राजा त्रिभुवनला व्यायाम शिकवायचा. राजाचाच या मंडळींशी छुपा संबंध होता.

६ नोव्हेंबर १९५० ला त्रिभुवन शिकारीला जातो म्हणून कुटुंबासह निघाला आणि वाटेत गाड्या भारतीय वकिलातीत वळवल्या. एक नातू मागे राहिला, तीन वर्षांचा ज्ञानेंद्र. राणांनी दुसऱ्याच दिवशी त्या पोराच्या डोक्यावर मुकुट ठेवला! ब्रिटन-अमेरिकेनेही हा राजा मान्य केला नाही. त्रिभुवन विमानाने दिल्लीला गेला, नेपाळी काँग्रेसची सशस्त्र फौज सीमेवरून आत घुसली, आणि तीन महिन्यांत राणांना तडजोड करावी लागली.

आता माझा मुद्दा. १८ फेब्रुवारी १९५१ ला परत आलेल्या त्रिभुवनने जाहीर केलं की यापुढे देशाचा कारभार जनतेने निवडलेल्या संविधान सभेने बनवलेल्या घटनेनुसार चालेल. ते वचन त्याने पाळलं नाही आणि १९५५ मध्ये तो गेला. त्याचा मुलगा महेंद्र याने १९५९ मध्ये घटना स्वतः बहाल केली. तिच्याखाली निवडणूक झाली, नेपाळी काँग्रेसला १०९ पैकी ७४ जागा मिळाल्या, बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. दीड वर्षात, १५ डिसेंबर १९६० ला, महेंद्रने त्याच घटनेतलं आणीबाणीचं कलम वापरून त्यांना अटक केली. आठ वर्षं सुंदरीजलच्या लष्करी तळावर कैद. पक्षांवर बंदी आली आणि १९६२ मध्ये पंचायत व्यवस्थेची घटना आली, तीही राजाच्याच हातची.

१९९० ची घटना पक्षांनी भांडून मिळवली, पण जाहीर केली राजा वीरेंद्रनेच. फेब्रुवारी १९९६ मध्ये माओवाद्यांनी सरकारला ४० मागण्या दिल्या. नवी घटना लोकांच्या प्रतिनिधींनी लिहावी, ही त्यातलीच एक. म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वी राजाने स्वतः दिलेलं वचन आता बंदुकीच्या तोंडून मागितलं जात होतं. दहा वर्षांत सतरा हजारांच्या आसपास माणसं गेली. संविधान सभेची निवडणूक झाली ती १० एप्रिल २००८ ला.

राज्यकर्ते सतत बदलले, पण राज्य कोणाच्या हुकमाने चालायचं हे लोकांना कोणी विचारलंच नाही. नेपाळच्या अस्थिरतेचं मूळ मला या ५७ वर्षांच्या टाळाटाळीत दिसतं.

दिवेलागण

उत्तम लेख, एका बैठकीत वाचला. श्री ५ आणि श्री ३ वाचताना सातारा आणि पुणे डोळ्यांसमोर आलं. छत्रपतींनी वस्त्रं द्यायची आणि पेशव्यांनी राज्य करायचं. शाहू महाराज १७४९ मध्ये गेल्यावर साताऱ्याची जी अवस्था झाली तीच नेपाळच्या शाहांची झालेली दिसते. मग आपल्याकडे कोतपर्वासारखं काही का झालं नाही?

उत्तरवाट

@दिवेलागण, लिहिताना माझ्याही मनात हेच होतं. साम्य आहेच. पण पेशव्यांची वस्त्रं साधारणपणे बापाकडून मुलाकडे आणि मग भावाकडे जात. नारायणरावांचा खून हा त्यातला अपवाद, आणि तिथेही काका-पुतण्याच आहेत हे लक्षात घ्या. राणांनी तो अपवादच नियम करून ठेवला. प्रत्येक पिढीत पंधरा-वीस पुरुष रांगेत, आणि पुढचा हलल्याशिवाय मागच्याला काही मिळणार नाही.

आणखी एक फरक. मराठी राज्यात शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले अशी ताकदीची केंद्रं पसरलेली होती. पुण्यात कोणी सगळ्यांना एका वाड्यात बोलावून संपवू शकत नव्हतं. काठमांडू खोऱ्यात सगळे मातब्बर एका हाकेच्या अंतरावर राहत, आणि म्हणून एका रात्रीत शंभर वर्षांचा निकाल लागला.

कोरा_कागद

१ जून २००१ बद्दल एक ओळही नाही?? नेपाळचा इतिहास लिहायचा आणि राजवाडा हत्याकांड वगळायचं हे खटकलं.

उत्तरवाट

मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तो विषय आला की बाकी सगळं बुडतं. निर्विवाद आहे तेवढं लिहितो. शुक्रवारची रात्र, नारायणहिटी राजवाड्यात राजकुटुंबाचं नेहमीचं एकत्र जेवण. गोळीबारात राजा वीरेंद्र, राणी ऐश्वर्या, त्यांची मुलं निराजन आणि श्रुती यांच्यासह राजघराण्यातली नऊ माणसं मारली गेली. युवराज दीपेंद्र बेशुद्धावस्थेत रुग्णालयात होता आणि त्याच अवस्थेत त्याला राजा जाहीर केलं गेलं. ४ जूनला तो गेला आणि वीरेंद्रचा भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आला. १९५० मध्ये तीन वर्षांचा असताना ज्याला राणांनी मुकुट घातला होता, तोच.

सरन्यायाधीश आणि सभापतींच्या समितीने गोळ्या दीपेंद्रने झाडल्या असं सांगितलं. आठवड्याभरात उरकलेल्या त्या चौकशीवर तिथल्या फार लोकांचा आजही विश्वास नाही. यापलीकडे मी तर्क लढवणार नाही. पण राज्यकर्त्यांच्या इतिहासात त्या रात्रीचं महत्त्व वेगळं आहे. १९९० नंतर वीरेंद्रने घटनात्मक राजा म्हणून वागायचं बऱ्यापैकी शिकून घेतलं होतं आणि लोकांची त्याच्यावर माया होती. ती माया ज्ञानेंद्रला वारशात मिळाली नाही, आणि त्याने ती मिळवायचा प्रयत्न करण्याऐवजी १ फेब्रुवारी २००५ ला सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. फोन बंद, नेते नजरकैदेत. बापाने, महेंद्रने, १९६० मध्ये केलेलंच त्याने पुन्हा केलं. पण या वेळी खेड्यापाड्यांत माओवादी होते आणि शहरात चिडलेले पक्ष. त्याने दोघांनाही एकत्र आणलं. एप्रिल २००६ मध्ये १९ दिवस लोक संचारबंदी मोडून रस्त्यावर उतरले आणि त्याला बरखास्त संसद परत बोलवावी लागली.

सह्यकडा

नारायणहिटी आता संग्रहालय आहे, मी पाहिलंय. दिवाणखाने, पेंढा भरलेले वाघ, पाहुण्यांचे फोटो, हे सगळं भव्यच आहे. पण मनात राहिलं ते मागच्या बागेतलं त्रिभुवन सदन. जेवण तिथेच होतं. ती इमारत पाडून टाकलीय, फक्त जोतं शिल्लक आहे, आणि कोण कुठे पडलं त्याच्या पाट्या लावल्यात. एका भिंतीवर गोळ्यांच्या खुणा राखून ठेवल्यात. आमच्या पुढे एक नेपाळी कुटुंब होतं. त्यातल्या आजींनी प्रत्येक पाटीपाशी थांबून हात जोडले. मुलगा त्यांना चला चला म्हणत होता, त्या हलेनात.

म्हणून मला लेखकाशी थोडं असहमत व्हायचंय. राजाबद्दलची ओढ म्हणजे नुसतं अज्ञान नाही. मार्च २०२५ मध्ये ज्ञानेंद्र काठमांडूला आले तेव्हा विमानतळावर हजारो लोक होते ना?

तटस्थ१२

सह्यकडा यांच्याशी सहमत. आणि लेखकाचा सिद्धांत ऐकायला छान आहे, पण परिणाम बघा. संविधान सभा आली, राजा गेला, आणि मग? २००८ ते २०२५ या काळात प्रचंड, माधव नेपाळ, खनाल, भट्टराई, रेग्मी, सुशील कोइराला, ओली, परत प्रचंड, देउबा, परत ओली, परत देउबा, परत प्रचंड, परत ओली. सतरा वर्षांत तेरा वेळा खुर्ची फिरली. झलनाथ खनाल यांना निवडायला तर संसदेत मतदानाच्या सतरा फेऱ्या लागल्या. ५७ वर्षं थांबून जे वचन पुरं झालं त्याने लोकांना काय दिलं? पोरं आखातात कामाला जातात आणि इकडे हेच तीन म्हातारे आळीपाळीने शपथ घेत राहिले.

उत्तरवाट

@तटस्थ१२, तुमची यादी बरोबर आहे आणि राग तर त्याहून. १९९० पासून एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पुरी केलेली नाही. पहिली संविधान सभा ६०१ सदस्यांची होती, चार वर्षं बसली आणि घटना न देता २०१२ मध्ये संपली. दुसरीने एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर घाईघाईत काम उरकलं आणि २० सप्टेंबर २०१५ ला घटना लागू झाली. या नेत्यांनी लोकांचा जो वेळ नासला त्याबद्दल मला दयामाया नाही.

तरीही दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. डिसेंबर १९६०: राजा संसद बरखास्त करतो. तक्रार कुठे करायची? घटना त्याची, कलम त्याचं, सैन्य त्याचं. बी. पी. आठ वर्षं आत. डिसेंबर २०२०: ओली प्रतिनिधी सभा बरखास्त करतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालय ती परत उभी करतं. मे महिन्यात ओली पुन्हा तेच करतात, आणि जुलैमध्ये न्यायालय सभा पुन्हा उभी करून देउबांना पंतप्रधान नेमा असा आदेशच देतं. ओली निमूटपणे घरी गेले. एकही गोळी झाडली गेली नाही, कोणाला हद्दपार केलं नाही. १७६८ पासून नेपाळमध्ये सत्तेवरच्या माणसाला न्यायालयाच्या थेट आदेशाने खाली उतरवल्याचा असा प्रसंग मला तरी दुसरा दिसत नाही.

२०२५ चंही तसंच. समाजमाध्यमांवरची बंदी हे निमित्त झालं, खरा राग भ्रष्टाचारावर आणि नेत्यांच्या पोराबाळांच्या थाटावर होता. ८ सप्टेंबरला पोलिसांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, पहिल्याच दिवशी १९ जण गेले. दुसऱ्या दिवशी ओलींचा राजीनामा आला, संसद आणि सिंहदरबार जळाला. ती आग मला आजही सलते. पण १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी अंतरिम पंतप्रधान म्हणून शपथ घेतली आणि ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली. सगळी व्यवस्था कोलमडलेल्या त्या तीन दिवसांत गादी रिकामी आहे, येऊन बसा, असं नारायणहिटीच्या वारसांना म्हणायची संधी होती. रस्त्यावरच्या मुलांनी राजा मागितला नाही, निवडणूक मागितली.

@सह्यकडा, त्या आजींचा नमस्कार मला समजतो. तो वीरेंद्रच्या कुटुंबाला आहे. राजेशाही परत आणा हा त्याचा अर्थ लावणं हे विमानतळावरच्या गर्दीचं काम, आजींचं नव्हे.

ओवी

लेखात भारत फक्त वकिलातीपुरता येतो. १९५१ ची तडजोड दिल्लीतच ठरली आणि तिच्यात राणा मोहनशमशेरच पंतप्रधान राहिला, अर्धं मंत्रिमंडळ राणांचं. क्रांती करायला निघालेल्या बी. पीं.ना ते गिळावं लागलं. १९८९ ची नाकेबंदी, २०१५ ची नाकेबंदी, माओवादी आणि सात पक्षांचा नोव्हेंबर २००५ चा १२ कलमी करार, तोही दिल्लीतच. नेपाळचे राज्यकर्ते काठमांडूत ठरतात की दिल्लीत, हा प्रश्न तिथला प्रत्येक माणूस विचारतो.

उत्तरवाट

@ओवी, हे धाग्यात यायलाच हवं होतं, बरं झालं तुम्ही लिहिलंत. १९५१ ची तडजोड घाईची होती. चीनचं सैन्य १९५० मध्ये तिबेटात शिरलं होतं आणि नेहरूंना उत्तरेला अराजक नको होतं. राणा-काँग्रेस मंत्रिमंडळ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोसळलं. मात्र २००५ च्या कराराबद्दल माझं मत वेगळं आहे. जागा दिल्ली, पण त्यातली मुख्य मागणी, संविधान सभा, ही काठमांडूत १९५१ मध्ये जाहीर झालेलीच होती. भारताने दार उघडून दिलं असेल, मागणी त्यांची स्वतःची.

जनकपूरकर

माझं आजोळ सीमेपलीकडचं, म्हणून राहवत नाही. तुम्ही सगळे 'लोक' म्हणताय ते डोंगरातले लोक. तराईतल्या, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट भागातल्या, मधेशींना राजाच्या काळात काठमांडूत परकंच समजायचे. नागरिकत्वाच्या कागदासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती. संविधान सभेने आम्हाला काय दिलं तेही लिहा.

उत्तरवाट

@जनकपूरकर, मनापासून आभार. संघराज्य हा शब्द अंतरिम घटनेत आला तो २००७ च्या मधेश आंदोलनामुळे, काठमांडूच्या मनाने नव्हे. २८ मे २००८ ला ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपली, आणि पहिले राष्ट्रपती रामवरण यादव मधेशी, पहिले उपराष्ट्रपती परमानंद झाही मधेशी. झा यांनी हिंदीत शपथ घेतली म्हणून एवढा गदारोळ झाला की न्यायालयाने ती रद्द केली, आणि २०१० मध्ये त्यांनी मैथिली आणि नेपाळीत पुन्हा शपथ घेतली. २०१५ ची घटना जाहीर होत असताना काठमांडूत दिवे लागले होते आणि तराईत आंदोलकांवर गोळ्या चालत होत्या, चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यात पोलीसही होते. प्रांताच्या सीमा आणि नागरिकत्वाची कलमं यावरून तो भडका होता. जानेवारी २०१६ मध्ये घटनेत पहिली दुरुस्ती झाली ती त्यामुळेच. 'प्रदेश क्रमांक २' एवढीच ओळख असलेल्या प्रांताला मधेश हे नाव मिळायला २०२२ उजाडलं, राजधानी जनकपूर.

नागरिकत्वाचा प्रश्न अजून धगधगतोय, विशेषतः आईच्या नावाने नागरिकत्व मागणाऱ्यांचा. तुमच्या आजोळच्या माणसांना कचेरीत प्रत्यक्ष काय कागद मागतात, कुठे अडवतात, ते तुम्ही स्वतंत्र धागा काढून लिहाल का? आम्ही इकडून वाचून लिहितो, तुम्ही पाहिलेलं लिहाल.

जनकपूरकर

लिहितो. मामाचे जुने कागद मागवलेत, ते हाती आले की धागा काढतो.